आधी इंधन रंगवा, मग जहाज काढा
'ट्रॅव्हलर' (अंतराळातला भूमिका-खेळ) खेळताना जहाजाचा नकाशा काढायचा असतो. त्यात आधी केबिनी नि तोफा काढल्या, तर इंधनाला जागा उरत नाही. सगळा नकाशा खोडावा लागतो.

नवी पेठेतून साधी आलेखवही आणा. एक चौकोन दीड मीटरचा, दोन चौकोन मिळून १ टन (टन इथे वजन नाही, जागेचं माप).

१. जहाजाचे टन × उडीचा क्रमांक × १० टक्के = इंधन. (उडी म्हणजे ताऱ्यांमधली झेप; क्रमांक जितका मोठा, तितकी लांब.) २०० टनी जहाज, उडी २: ४० टन, म्हणजे ८० चौकोन. ते आधी पिवळे करा.
२. मग इंजिनं, चालककक्ष (ब्रिज). केबिन ४ टनांची, ८ चौकोन.
३. तोफा शेवटी. (मोह इथेच होतो!)

काळात मागे जाऊन लढायचा घरगुती नियम असेल तर परतीच्या उडीचे ४० टन वेगळे धरा. वीजसंयंत्राचं इंधन यात येत नाही, बरं का.