अल्डोस्टेरॉन-रेनिन तपासणीची तयारी

अल्डोस्टेरॉन हे शरीरात मीठ धरून ठेवणारं संप्रेरक, तर रेनिन हे त्याला चालना देणारं मूत्रपिंडातलं विकर. अल्डोस्टेरॉन गरजेपेक्षा जास्त बनण्याचा आजार आहे का, हे या दोघांच्या रक्तातल्या गुणोत्तरावरून कळतं. बीपीच्या तीन प्रकारच्या गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात येत नसेल, तर ही तपासणी जरूर करावी. स्पायरोनोलॅक्टोन (अल्डोस्टेरॉनला अडवणारं औषध) आणि ज्येष्ठमध डॉक्टरांना विचारून 4 आठवडे आधी थांबवा. बीटा-ब्लॉकरने (बीपी आणि हृदयाचे ठोके कमी करणारी औषधं) रेनिन दबतं आणि गुणोत्तर खोटंच वाढतं. पोटॅशियम कमी असेल तर ते आधी भरून काढा, नाहीतर अल्डोस्टेरॉन कमी दिसून आजार निसटतो. जेवणातलं मीठ कमी करू नका.

सकाळी उठून किमान 2 तास हिंडा-फिरा, मग 5 ते 15 मिनिटं बसून रक्त द्या. मूठ आवळू नका, पोटॅशियम फसवं वाढतं.

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: नमुना बर्फात ठेवतात. थंडीत प्रोरेनिन (रेनिनचं निष्क्रिय रूप) सक्रिय होतं, रेनिन जास्त दिसतं आणि गुणोत्तर खोटंच कमी येतं. नळी खोलीच्या तापमानालाच ठेवायला सांगा.