पाण्यापलीकडची आवणी

वारज्यात माझं पोळीभाजी केंद्र आणि सासरची खाचरं पानशेतच्या पाण्यापलीकडं. तीन बाजूंनी धरण, चौथ्या बाजूला डोंगर. दुकान काय ते अलीकडच्या काठाला. त्यामुळं एकरभर इंद्रायणी भात लावायचा तर आधी होडीच्या खेपा जमवाव्या लागतात. ज्यांचं शेत असंच पाण्याआड आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय.

मृगाच्या आधीच्या खेपेला ओझं कमी ठेवा. तेव्हा धरण तळाला गेलेलं असतं (पुण्याच्या नळांना जातं ते हेच पाणी), होडी पार खाली गाळात टेकते आणि तिथनं घरापर्यंत नुसता चढ. मी फक्त बी आणि तुसाची काळी राख नेते. बी एकराला 12-14 किलो पुरतं.

पेरण्याआधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओता आणि हलवा. वर तरंगतं ते पोचट, काढून टाका. तळाचं दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा. पहिल्या वर्षी आत्याबाई म्हणाल्या, "भाताचं लोणचं घालतीस का काय?" तरंगलेलं सूपभर बी बघून गप्प झाल्या. राब भाजायचा, म्हणजे रोपाच्या जागेवर पालापाचोळा-शेण पसरून जाळायचं, हे मात्र त्यांनी सोडलेलं नाही, एक कोपरा त्यांचा असतोच. बाकीच्या गादीवाफ्यात (रोपासाठी केलेल्या उंच वाफ्यात) मी राख मिसळते. रोप ताठ येतं आणि उपटताना मुळं तुटत नाहीत.

रोप 21 ते 25 दिवसांचं झालं की आवणी, म्हणजे उपटून खाचरात लावणी. तोवर पाणी चढून होडी बांधाजवळ येते, म्हणून जड माल याच खेपेला आणा: युरिया-डीएपी खताच्या गोळ्या, एकराला साधारण 70 किलो. तीन वर्षांपूर्वी मी पोती होडीच्या तळाशी ठेवली. तळात साचलेलं पाणी कुणाच्या ध्यानात आलं नाही. काठाला पोतं उचललं तर खालच्या गोळ्यांची पांढरी पेज होऊन बोटांतनं गळत होती. आता गोळ्या झाकणाच्या प्लास्टिक पिंपात, आणि पिंप फळीवर.

नायलॉनच्या दोरीला 15 आणि 25 सेंटिमीटरवर आळीपाळीनं रंगीत चिंध्या बांधा. ओळींमधलं अंतरही तसंच, एकदा 15, एकदा 25. चिंधीपाशी दोन-तीन काड्यांचा चूड, उथळच लावायचा. चार जवळच्या चुडांचा लहान चौकोन होतो, त्याच्या मधोमध एक गोळी चार बोटं खोल दाबायची, लावणीच्या त्याच दिवशी. पुढं खत फेकायला चिखलात उतरावं लागत नाही, आणि पाऊस कोसळला तरी खत वाहून धरणात जात नाही. दोरी हलवायला दोन पोरं लावा. मोठी माणसं ओळ वाकडी करून वर भांडतात.

होडीवाल्या काकांना आदल्या रात्री फोन करा. वारा असला तर ते दुपारनंतर होडी घालत नाहीत. त्यावर हुज्जत नको.

इर्जिकीला, म्हणजे एकमेकांच्या शेतात मदतीला, आलेल्या बायकांसाठी मी केंद्रातनं 60 पोळ्या नेते. त्या खातात, हात धुतात आणि दरवर्षी सांगतात, "सूनबाई, चिखलात दिवसभर वाकायचं तर हे नाही पुरत. भाकरी टाक."