त्याच पायांनी १६०० आणि १०० मीटर: भरतीच्या सरावात या चुका टाळा

पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर (२० गुण), १०० मीटर (१५) आणि गोळाफेक (१५). मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. म्हणजे एकाच उमेदवाराकडे दमही हवा आणि वेगही. स्नायूंसाठी ही दोन वेगळी कामं आहेत, आणि बहुतेकांचा सराव नेमका इथे फसतो.

स्नायूत मंद आणि जलद असे दोन प्रकारचे तंतू असतात. मंद तंतूंभोवती केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं. ते ऑक्सिजनवर चालतात, जोर कमी लावतात, पण लवकर थकत नाहीत. जलद तंतू झटक्यात जोर लावतात आणि काही सेकंदांत मंदावतात. अव्वल मॅरेथॉनपटूंच्या पोटरीत मंद तंतू ८० टक्क्यांच्या आसपास आढळले आहेत. वेगवान धावपटूंमध्ये जलद तंतूंचं पारडं जड असतं. सर्वसाधारण माणसात प्रमाण जवळपास निम्मं-निम्मं.

पहिली चूक म्हणजे रोज पहाटे चार-पाच किलोमीटर एकाच मध्यम वेगाने पळणं. शरीर आधी मंद तंतूंना कामाला लावतं. मोठे जलद तंतू जास्त जोर लागला तरच जागे होतात. त्यामुळे महिनोन्‌महिने पळूनही १०० मीटरची वेळ हलत नाही.

यावर उपाय म्हणून मुलं ‘स्प्रिंट’ मारायला लागतात आणि विश्रांतीत घाई करतात. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. १००, वळून चालत परत, लगेच पुन्हा १००, असे दहा. पूर्ण वेगाच्या पहिल्या काही सेकंदांची ऊर्जा स्नायूतल्या क्रिएटिन फॉस्फेटच्या साठ्यातून येते. तो साठा अर्ध्या मिनिटात जेमतेम निम्मा भरतो. जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याआधी पळालात तर घाम भरपूर गळेल, पण सराव वेगाचा राहणार नाही. ठोकताळा सोपा आहे: दर १० मीटरला एक मिनिट विश्रांती. ३० मीटरचे चार आणि ६० मीटरचे तीन, मध्ये अनुक्रमे ३ आणि ६ मिनिटं. घड्याळ लावाच. ६० मीटरला ८.० सेकंद लागत होते आणि आता ८.४ लागले, तर त्या दिवशीचा वेगाचा सराव तिथेच थांबवा. आणखी दोन मारून काहीही कमावणार नाही.

हा सराव आठवड्यातून दोनदा, ताज्या पायांनी, मध्ये किमान ४८ तास ठेवून करा. लांब पळून आल्यावर स्प्रिंट नको. थकलेली हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचे स्नायू) पाय पुढे फेकताना ताणली जाते आणि तिथेच फाटते. आधी १० मिनिटं हलकं पळा, मग गुडघे उचलणं, टाच मागे मारणं, आणि ६० मीटरचे तीन वाढत्या वेगाचे राउंड. मांडीच्या मागे अचानक कळ आली तर ‘शिर आखडली’ म्हणून चोळत पळू नका. थांबा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा.

१६०० चं गणित उलटं आहे. त्यातली सुमारे ८० टक्के ऊर्जा ऑक्सिजनच्या मार्गाने येते. म्हणून आठवड्यातून दोनदा ३० ते ४० मिनिटं, बोलता येईल इतक्या वेगाने पळा, आणि एकदा ४०० मीटरचे पाच राउंड, मध्ये दोन मिनिटं चालत. रोज पूर्ण जोराने १६०० मारून बघण्याची सवय मोडा. पाय सावरत नाहीत, आणि नडगी दुखायला लागते ती वेगळीच.

‘तिसऱ्या राउंडला दम तुटतो’ ही तक्रार फार ऐकू येते. दोष बहुतेक वेळा पहिल्या राउंडचा असतो. ५ मिनिटं ३० सेकंदांचं लक्ष्य असेल तर ४०० मीटरचा प्रत्येक राउंड ८२ ते ८३ सेकंदांचा हवा. गर्दीबरोबर पहिला ७२ मध्ये काढला की जलद तंतू सुरुवातीलाच कामाला लागतात, स्नायूत आम्लता साचते आणि तिसरा राउंड ९० च्या पुढे जातो. सरावात पहिले २०० मीटर ४१ सेकंदांत पळून बघा. सोपं वाटेल, तोच वेग धरा.