अँथुरियम का दगावतं? बेळगाव-खानापूरकडच्या बागेत या चुका टाळा

अँथुरियम, म्हणजे ते चकचकीत फुलांचं शोभेचं रोप, सुकायला लागलं की आपण पाण्याचा तांब्या घेऊन धावतो आणि बहुतेक वेळा तिथेच ते मरतं. हे मूळचं कोलंबिया-इक्वेडोरच्या ओल्या जंगलांतलं. तिथे ते बरेचदा झाडांच्या खोडांवर वाढतं, त्यामुळे मुळांना ओलावा हवा तसा वाराही हवा.

आपल्याकडे ते अंगणातल्या मातीत लावतात, ही सगळ्यांत मोठी चूक. चिकोडी-अथणीची काळी माती पाणी धरून बसते, खानापूरकडची तांबडी माती कुंडीत दबून घट्ट होते. कुंडीत भरायला नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडी कोळसा, विटांचे खडे आणि मूठभर कुजलेलं शेणखत एवढं पुरतं. पाणी घातल्यावर ते लगेच खालून निघालं पाहिजे. शंका आली तर रोप उपसून एक मूळ चिमटीत धरून ओढा. निरोगी मूळ पांढरट आणि कडक असतं. कुजलेल्याची साल मोज्यासारखी निसटून हातात येते, मागे नुसता दोरा राहतो. असली मुळं कापून टाका आणि नव्या मिश्रणात लावा.

पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे कुंड्या वळचणीला सरकवतात, त्या नेमक्या पागोळ्यांखाली! तिथली धार गाभ्यात साचते. हातभर आत घ्या. अथणी-रायबागच्या उन्हाळ्यात उलटा त्रास: पश्चिमेच्या उन्हाने पानावर मधोमध करपट चट्टे पडतात. ७०-७५ टक्के सावलीचं शेडनेट लावा, सकाळचं कोवळं ऊन चालतं. पण सावली आवडते म्हणून हॉलच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं, तर नुसते लांब देठ आणि हिरवीगार पानं येतील, फूल नाही. युरियानेही हेच होतं. त्यापेक्षा १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) लिटरभर पाण्याला १ ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा द्या.

पानांची टोकं तपकिरी होत असतील तर बोअरच्या पाण्यातले क्षार तपासा. पावसाचं पाणी पिंपात साठवा आणि महिन्यातून एकदा कुंडी त्याने धुऊन काढा.

पानाच्या कडेला तेलकट डाग आणि भोवती पिवळी कड दिसली, तर मात्र हयगय नको. हा बहुधा जिवाणूंचा करपा, बुरशीनाशकाला तो दाद देत नाही. पान देठासकट कापा, कात्री दर वेळी स्पिरिटने पुसा आणि पानांवर पाणी उडवणं थांबवा. खोड काळवंडलं असेल तर रोप जाळा, कंपोस्टमध्ये टाकू नका. नर्सरीतून नवं रोप आणलं की पंधरा दिवस ते बाकीच्यांपासून लांब ठेवा, हा रोग बरेचदा नव्या रोपाबरोबरच घरात येतो.

कापताना हातमोजे घाला. चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, कातडीला खाज सुटते. रांगतं मूल किंवा पानं चघळणारं कुत्रं घरात असेल, तर कुंडी उंचावर ठेवलेली बरी.