थर्ड पार्टी झूम लेन्स घेताय? पैसे भरण्याआधी या चुका टाळा

कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या किट लेन्सवर वर्ष-दीड वर्ष काढलं की बहुतेकांची गाडी एकाच प्रश्नावर येऊन थांबते: कॅमेरा कंपनीची एफ/२.८ झूम खिशाला परवडत नाही, मग दुसऱ्या कंपनीची, म्हणजे थर्ड पार्टी लेन्स बघायची, तर सिग्मा घ्यावी की टॅमरॉन? त्यानंतर रात्र रात्र टेस्ट चार्टचे कोपरे मोठे करून बघणं सुरू होतं. माझं मत विचाराल तर हा वेळ वाया जातो. या दोन्ही कंपन्यांच्या अलीकडच्या एफ/२.८ झूम लेन्सेसमध्ये काचेवरून पस्तावायची वेळ फारशी कुणावर येत नाही. पस्तावा होतो तो लेन्स आपल्या बॉडीला, म्हणजे कॅमेऱ्याला, आणि आपल्या कामाला न जुळल्यामुळे.

एफ/२.८ कशासाठी घ्यायची, हे तरी आधी पक्कं करा. एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. साधी १८-५५ किट लेन्स ५५ मिमीला एफ/५.६ पर्यंतच उघडते. तिथे एफ/२.८ मिळालं म्हणजे दोन स्टॉप, चौपट प्रकाश. हॉलमधल्या रिसेप्शनला आयएसओ ६४०० लागत असेल, तर तेच काम १६०० वर होतं. तुमचं सगळं काम दिवसाउजेडी गडकिल्ल्यांवर एफ/८ ला चालत असेल, तर हा खर्च थोडा पुढे ढकललात तरी बिघडणार नाही.

माउंट अर्धवट बघणं

‘कॅननला बसते का?’ या प्रश्नाला काही अर्थ नाही. कोणत्या कॅननला? माउंट म्हणजे लेन्स बॉडीला जोडायची जागा. जुन्या डीएसएलआरचा ईएफ माउंट वेगळा, मिररलेसचा आरएफ वेगळा. आरएफवर सिग्मा आणि टॅमरॉनच्या ऑटोफोकस लेन्सेस २०२४ मध्ये आल्या आणि सुरुवात क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेमहून लहान सेन्सरच्या लेन्सेसपासून झाली. त्यामुळे आर५०, आर१० किंवा आर७ असेल तर सिग्माची १८-५० एफ/२.८ थेट बसते आणि मजेत चालते. तीच लेन्स फुल फ्रेम आर८ ला लावली तर ती बसते, पण कॅमेरा क्रॉप मोडमध्ये जातो आणि २४ मेगापिक्सेलचे साधारण ९ उरतात. आर६ किंवा आर८ वाल्यांनी कॅननचं ईएफ-आरएफ अडॅप्टर घेऊन डीएसएलआरच्या काळातली सिग्मा २४-७० आर्ट किंवा टॅमरॉनची २४-७० जी२ (म्हणजे दुसरी आवृत्ती) पाहावी. दोन्ही २०१७ च्या, दोन्हींत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलल्याचा परिणाम कमी करायची सोय आहे. जड आहेत, पण सेकंड हँडमध्ये बऱ्या भावात मिळतात.

निकॉनवाल्यांसाठी वेगळाच खड्डा आहे. टॅमरॉनची १७-५० एफ/२.८ ही २००६ ची लेन्स अजूनही सेकंड हँड बाजारात फिरते आणि पैशाच्या मानाने काम छान करते. पण निकॉनसाठीच्या तिच्या सुरुवातीच्या आवृत्तीत फोकसची मोटरच नाही, ती बॉडीतल्या मोटरवर चालते. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये ती मोटर नसते. लेन्स लागते, फोटोही निघतो, फक्त फोकस हाताने करावा लागतो. विकणारा ‘सगळं ओके’ सांगतो आणि त्याच्या डी७००० वर ते खरंही असतं. घेण्याआधी लेन्सचं माउंट उलटं करून बघा. कडेला स्क्रूच्या डोक्यासारखी खाच दिसली, तर ती बॉडीच्या मोटरवर चालणारी लेन्स आहे. डीएसएलआरच्या लेन्सेस निकॉनच्या मिररलेस झेड बॉडींना जोडणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही मोटर नाही, म्हणून झेड बॉडीवरही ऑटोफोकस विसरा.

फुजीवाल्यांनी एवढंच लक्षात ठेवावं, की सिग्मा १८-५० आणि टॅमरॉन १७-७० यांवर ॲपर्चर रिंग नाही. रिंगची सवय असलेल्याला सुरुवातीला चिडचिड होते.

स्टॅबिलायझेशन गृहीत धरणं

सोनी झेडव्ही-ई१० किंवा ए६४०० घेतलेल्या मुलांकडून ही तक्रार सगळ्यात जास्त येते: ‘लेन्स भारी आहे, पण व्हिडिओ हलतो.’ या बॉडींमध्ये सेन्सरवरचं स्टॅबिलायझेशन नाही. सिग्मा १८-५० मध्येही नाही. दोघांकडे नाही म्हटल्यावर हात हलला की चित्र हलणारच. कॅननची आर५० आणि आर१०, निकॉनची झेड३० आणि झेड५० यांचंही तेच. सोनीच्या अशा बॉडीवर हातात धरून व्हिडिओ करायचा असेल तर टॅमरॉन १७-७० बघा, तिच्यात व्हीसी, म्हणजे टॅमरॉनचं स्टॅबिलायझेशन आहे आणि वर ७० मिमीपर्यंत पोच मिळते. मात्र तिचं वजन ५२५ ग्रॅम आणि सिग्माचं २९० ग्रॅम. दिवसभर गळ्यात अडकवून फिरणाऱ्याला हा फरक मानेत कळतो. ए६७००, आर७ किंवा फुजी एक्स-एस१० सारखी बॉडी असेल तर बॉडीच सांभाळून घेते. तिथे मी सिग्मा घ्यायला सांगेन.

२४ आणि २८ ला सारखंच समजणं

फुल फ्रेम सोनीवर खरी चुरस इथे असते. टॅमरॉन २८-७५ जी२ वजनाला ५४० ग्रॅम, सिग्मा २८-७० ४७० ग्रॅम. सिग्माची २४-७० आर्ट घेतली तर पहिली आवृत्ती ८३० ग्रॅमच्या आसपास, २०२४ ची दुसरी ७३५ च्या आसपास. चार मिलिमीटरसाठी एवढं ओझं कशाला, असं वाटणं साहजिक आहे.

आता हिशोब बघा. तीन मीटरवरून २४ मिमीला साडेचार मीटर रुंदी फ्रेममध्ये येते, २८ ला जेमतेम पावणेचार-चार मीटर. साधारण दोन फूट कमी. म्हणजे लग्नाच्या स्टेजवर वधूवरांशेजारी मामा-मामी येऊन उभे राहिले, की कडेची मामी अर्धी कापली जाते आणि मागे सरकायला जागा नसते, कारण मागे खुर्च्यांची रांग आणि व्हिडिओवाल्याचा ट्रायपॉड. लग्नं, घरगुती समारंभ, फ्लॅटचं इंटिरिअर हे काम असेल तर २४ च घ्या, वजन सोसा. पोर्ट्रेट, प्रवास, रस्त्यावरची फोटोग्राफी करत असाल किंवा बॅगेत आधीच एखादी वाइड लेन्स असेल, तर २८ ने काही अडत नाही. टॅमरॉनच्या १७-२८, २८-७५ आणि ७०-१८० या सोनीसाठीच्या तिन्ही लेन्सेसना ६७ मिमीचाच फिल्टर लागतो. पावसाळ्यात धबधब्यांसाठी एकच चांगला पोलरायझर तिघींना पुरतो. सिग्मा २४-७० ला ८२ मिमी लागतो, त्याचा खर्च वेगळा.

पावसाचा विषय निघालाच आहे तर: सिग्मा २८-७० आणि १८-५० यांना फक्त माउंटपाशी रबरी सील आहे. माळशेज घाटातल्या धुक्या-पावसात लेन्स बाहेर काढायची सवय असेल, तर आतल्या सांध्यांवरही सील असलेली टॅमरॉन किंवा सिग्मा आर्ट बरी.

‘उद्या फुल फ्रेम घेणार आहे’ म्हणून आज चुकीची लेन्स

क्रॉप बॉडीवर २४-७० लावली की ती ३६-१०५ सारखी वागते, २८-७५ तर ४२ पासूनच सुरू होते. घरात वाढदिवसाचा फोटो काढायला मागे सरकत गेलात तर पाठ भिंतीला टेकते. फुल फ्रेमचा तो ‘उद्या’ बऱ्याचदा तीन-चार वर्षं लांबतो. आजच्या बॉडीसाठी आजची लेन्स घ्या, नंतर विकता येते.

पहिल्याच दिवशी ‘लेन्स खराब आहे’ म्हणणं

फोटो सॉफ्ट आला की दोष लेन्सवर जातो. परत करायला धावण्याआधी क्रमाने बघा.

समोरचा स्वस्त यूव्ही फिल्टर काढून तोच फोटो पुन्हा घ्या. मंडपातल्या दिव्यांची हिरवट प्रतिबिंबं आणि धूसरपणा पुष्कळदा तिथूनच येतो. मग शटर स्पीड. ७० मिमीला १/६० वर चालत्या माणसाचा फोटो सॉफ्ट येणारच, त्यात लेन्सचा काय दोष?

डीएसएलआर असेल तर एकच फोटो व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून घ्या. लाइव्ह व्ह्यूचा शार्प आणि व्ह्यूफाइंडरचा सॉफ्ट आला, तर काच ठीक आहे, फोकस पुढे-मागे पडतोय. ८०डी, ९०डी, डी७५०० सारख्या बॉडीत ऑटोफोकस ॲडजस्टमेंट असते, तिथे तो दुरुस्त होतो. १५००डी किंवा डी५६०० मध्ये ती सोय नाही. अशा वेळी लेन्सचं बघावं: सिग्माच्या बऱ्याच आर्ट लेन्सेसना यूएसबी डॉक आणि टॅमरॉनच्या जी२ लेन्सेसना टॅप-इन कन्सोल लावून (दोन्ही लेन्स कॉम्प्युटरला जोडणारी उपकरणं) लेन्समध्येच फरक भरता येतो. मिररलेसमध्ये ही भानगड सहसा येत नाही.

एकच बाजू सॉफ्ट दिसत असेल तर घरच्या घरी चाचणी होते. भिंतीवर वर्तमानपत्राची चार पानं चार कोपऱ्यांत आणि एक मध्ये सपाट चिकटवा. ट्रायपॉड, भिंतीला अगदी समांतर कॅमेरा, एफ/२.८, दोन सेकंदांचा टायमर. समजा डावीकडची अक्षरं पुसट आली. आता कॅमेरा उलटा लावून तोच फोटो घ्या. भिंतीची तीच बाजू पुसट राहिली तर कॅमेरा तिरका लागला होता. पुसटपणा भिंतीच्या दुसऱ्या बाजूला गेला तर लेन्समधली काच सरकलेली आहे, तीच लेन्स बदलून मागा. हे बदलून देण्याच्या मुदतीत करायचं, सहा महिन्यांनी नाही.

कॅननवर सिग्माच्या डीएसएलआर लेन्सने फोटोत विचित्र गोल पट्टे किंवा रंगीत कडा दिसल्या, तर कॅमेऱ्यातलं लेन्स करेक्शन बंद करा. सिग्माने स्वतःच ही सूचना दिलेली आहे. ‘एरर ०१’ आली तर आधी लेन्सचे सोनेरी कॉन्टॅक्ट्स कोरड्या मऊ कापडाने पुसा, मगच पुढची चिंता करा. आणि एलईडी दिव्यांखालचे आडवे पट्टे लेन्सचे नसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवून बघा.

नको त्या गोष्टीला घाबरणं

‘थर्ड पार्टी लेन्सवर सोनी लागोपाठ फोटो काढायचा स्पीड कमी करते’ हे खरं आहे. सेकंदाला १५ फ्रेमपर्यंतच. पण ए७ फोर मुळात १० च्या वर जात नाही. ही मर्यादा ए९ किंवा ए१ वर उडते पक्षी टिपणाऱ्याला जाचते, आणि तो माणूस ते काम २४-७० ने करत नाही. ब्रीदिंग कॉम्पेन्सेशन (फोकस बदलताना चित्राची चौकट लहान-मोठी होणं सावरणारी सोय) मात्र सोनीच्याच लेन्सेसवर चालतं, गंभीरपणे व्हिडिओ करणाऱ्याने ते लक्षात घ्यावं.

बिल आणि बुरशी

फोर्टातल्या बोरा बाजारात असो की ऑनलाइन, एकाच लेन्सचे दोन भाव ऐकू आले तर विचारा: वॉरंटी भारतातल्या अधिकृत वितरकाची की दुकानदाराची? स्वस्त भाव बहुधा दुकानदाराच्या वॉरंटीचा असतो. दुकानाच्या वॉरंटीवर घ्यायला हरकत नाही, पण मग तेवढी सूट पदरात पडली पाहिजे. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या.

सेकंड हँड लेन्स कोकणातून किंवा मुंबईतून येत असेल तर दुकानातल्या पांढऱ्या उजेडावर विसंबू नका. दोन्ही झाकणं काढा, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा, मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून बघा. चार धुळीचे कण सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, भाव कितीही पडला तरी नको. मग लेन्स खाली तोंड करून धरा आणि झूम रिंग आपोआप घसरते का ते पाहा. शेवटी स्वतःच्या बॉडीवर लावून दोन्ही टोकांना फोकस घेऊन बघा. विकणारा त्याला तयार नसेल तर दुसरी लेन्स शोधा.