डबल बेल झाल्याशिवाय ताटाला हात नाही

मी एसटीत कंडक्टर होतो, 31 वर्षं. त्यातली निम्मी तरी मुक्कामी गाडीवर गेली. रात्री गाडी शेवटच्या गावात लावायची, देवळात नाहीतर गाडीतच अंग टाकायचं, पहाटे तीच गाडी घेऊन परत. जेवण डब्यातलं, ड्रायव्हरबरोबर. पोरं कधी मोठी झाली ते मला आमच्या हिच्या तोंडून कळलं. रिटायर झालो तेव्हा म्हटलं, आता रोज सगळ्यांच्या पंगतीला बसायचं. पहिल्याच रात्री बघतो तर पाच जणांत चार मोबाइल, आणि टीव्ही वेगळा. मुक्कामी गाडीवर ड्रायव्हर निदान बोलायचा तरी.

आता मोबाइलशिवाय जेवायची बऱ्यापैकी घडी बसलीय. काय फसलं तेही सांगतो, म्हणजे तुमचे दिवस वाया जाणार नाहीत.

सुरुवात पोरांपासून करू नका. मी नातवाचा मोबाइल काढून घेतला आणि आठ दिवस त्यानं माझ्याशी अबोला धरला. वर म्हणाला, "आबा, तुम्ही पण पेपर वाचत जेवता की!" खरंच होतं. मग आधी माझा पेपर गेला, मग मुलाचा मोबाइल, नातवाचा शेवटी. हिच्या मालिकेला मात्र हात लावला नाही. ती साडेआठला संपते, म्हणून जेवण पावणेनऊला. पॅसेंजरला बदलायच्या भानगडीत पडण्यापेक्षा वेळापत्रक बदलावं.

पण पावणेनऊ म्हटलं की पोरं सातलाच भडंग खाऊन बसतात. सांगलीत भडंगाचा डबा नाही असं घर दाखवा! भूक नसली की माणूस ताटावर रेंगाळतो आणि रेंगाळला की मोबाइल आठवतो. सहानंतर डबा वरच्या फळीवर.

मोबाइल ठेवायला भाकरीची जुनी बुट्टी, म्हणजे टोपली, काढली. ती बाहेरच्या खोलीत, आवाज बंद करून. ताटाशेजारी पालथा ठेवलेला मोबाइल चालत नाही, तो नुसता थरथरला तरी पाचही माना वळतात. आपल्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात 2022 च्या ऑगस्टपासून संध्याकाळी 7 ला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. गावाला भोंगा परवडतो, घरात कोण वाजवणार? मी ताटलीवर चमचा वाजवतो. एक टोला म्हणजे थांबा, मोबाइल बुट्टीत. सगळे बसले की दोन टोले, म्हणजे गाडी सुटली. नातीला हे इतकं आवडलं की आता बेल तिच्याकडे आहे, आणि उशीर झाला तर ती मलाही सोडत नाही.

आता खरी मेख. आपण उजव्या हातानं जेवतो, डावा रिकामा. सगळा घात तिथंच. नातू भाकरी आमटीत कुस्करायचा आणि डाव्या अंगठ्यानं स्क्रीन वर सरकवायचा. मी म्हटलं, या हाताला काम पाहिजे. आपल्याकडे उष्ट्या हातानं वाढत नाहीत, डाव्यानं वाढतात, तेच कामाला आलं. पूर्वी सूनबाई एकटी वाढायची आणि शेवटी गार जेवायची. आता भांडी मधे ठेवतो आणि प्रत्येकाकडे एकेक पदार्थ. अख्खा मसूर मुलाकडे, भात नातवाकडे, ताक माझ्याकडे. ज्याला पाहिजे त्यानं मागायचं. मागायला तोंड उघडावं लागतं, तिथून बोलणं निघतं. सूनबाई गरम जेवते हा वरचा फायदा, खरं तर तोच मोठा.

तरी पहिले चार दिवस भांड्यांचाच आवाज होता. "शाळेत काय झालं?" असं विचारू नका, उत्तर ठरलेलं आहे, "काही नाही." त्याऐवजी आपली फजिती सांगा. मी सुट्ट्या पैशांवरून एका म्हातारीनं भर गाडीत माझा कसा उद्धार केला ते सांगितलं आणि नातवानं त्याच्या वर्गातला किस्सा आपण होऊन काढला. मार्क आणि घराचा हप्ता हे दोन विषय ताटावर बंद. मीठ कमी आहे हे सांगायचं, पण एकदाच.

एक चूक महागात पडली. मुलाची शिफ्ट बदलल्याचा फोन कारखान्यातून येत राहिला आणि मोबाइल बुट्टीत मुका. सकाळी तो गेटवरून परत आला. दुसऱ्या दिवशी साधा बटणांचा फोन घेतला. तो देव्हाऱ्याजवळ चालू असतो, नंबर फक्त अडीअडचणीला लागणाऱ्या माणसांकडे. मुलाला सेकंड शिफ्ट असते त्या आठवड्यात पंगत जमत नाही, तेव्हा रविवारी दुपारी मटणावर भरपाई होते.

सूट एकच. आम्ही सांगलीच्या गावभागात, नदीकाठी राहतो. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा आम्ही मिरजेला बहिणीकडे होतो. पाणी किती चढलं हे मोबाइलवरच कळत होतं. म्हणून ठरवलंय, पुलाजवळ पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीला टेकलं की बुट्टी रिकामी, मोबाइल ताटाशेजारी. उतरलं की परत बुट्टीत.

तेव्हापासून पाऊस लागला की नातू रोज बेलच्या आधी डोकावून विचारतो, "आबा, आज किती फूट?"