गाठ असलेल्या मेंदूत भाषेची बाजू एफएमआरआयने ठरवताना

एफएमआरआय म्हणजे मेंदूचा कोणता भाग कामात आहे हे दाखवणारा स्कॅन. शस्त्रक्रियेआधी भाषा मेंदूच्या कोणत्या बाजूला आहे, हे त्यावरून बघतात. आधी विचारा: रुग्ण कोणत्या हाताने लिहितो, घरात कोणती भाषा बोलतो, शेवटची फिट कधी आली. फिट नुकतीच येऊन गेली असेल तर स्कॅन पुढे ढकला. उजव्या हाताने लिहिणाऱ्या सुमारे ९५ टक्के लोकांची भाषा डावीकडे असते. डावखुऱ्यांतही बहुतेकांची तिकडेच.

टास्क, म्हणजे स्कॅन चालू असताना रुग्णाने करायचं काम, साधा ठेवा. पडद्यावर ‘सुरी’ आली की मनात ‘कापणे’. ३० सेकंद काम, ३० सेकंद निरर्थक चिन्हांकडे बघणे, असे पाच-सहा फेरे. बोलायला अडखळणाऱ्या रुग्णाला शब्द सावकाश द्या. स्कॅनरबाहेर मोठ्याने सराव करून घ्याच, कारण आत तो मनात बोलतोय की झोपलाय, हे कळत नाही. दुसरा टास्क ऐकून समजण्याचा घ्या. एकट्या क्रियापदांवर टेम्पोरल भाग (कानाजवळचा, ऐकून समजण्याचा) नीट उजळत नाही.

मग निर्देशांक काढा, प्रत्येक बाजूला उजळलेले व्हॉक्सेल (प्रतिमेचे बारीक ठोकळे) मोजून: (डावे − उजवे) ÷ (डावे + उजवे). डावीकडे ८२० व्हॉक्सेल, उजवीकडे ४१० असतील तर ०.३३. साधारणपणे ०.२ च्या वर डावी बाजू, −०.२ च्या खाली उजवी, मधले दोन्हीकडे. एकाच थ्रेशोल्डवर (किती सिग्नलला ‘उजळलं’ म्हणायचं, ती मर्यादा) विसंबू नका, तो बदलला की आकडाही हलतो. फ्रंटल (कपाळामागचा) आणि टेम्पोरल भागांचे आकडे वेगळे काढा.

खरी फसगत गाठीपाशी होते. एफएमआरआय पेशींचं काम थेट मोजत नाही, त्यामागून वाढणारा रक्तप्रवाह मोजतं. आक्रमक ग्लायोमा (मेंदूतली एक गाठ) किंवा एव्हीएमजवळच्या (रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता) रक्तवाहिन्या हा प्रतिसादच देईनाशा होतात. पेशी कामात, नकाशा कोरा. डावीकडे १२०, उजवीकडे ३०० आले की निर्देशांक −०.४३, आणि रिपोर्टात ‘भाषा उजवीकडे सरकली’ असं बिनदिक्कत लिहिलं जातं!

म्हणून रक्तवाहिन्या प्रतिसाद देतात का हे बघायला त्याच सत्रात श्वास रोखण्याची चाचणी घ्या: १५ सेकंद रोखणे, मग नेहमीचा श्वास, असं चार-पाच वेळा. गाठीभोवती तेव्हाही सिग्नल हलला नाही, तर तिथल्या कोरेपणावरून निष्कर्ष काढू नका. लहान मेंदूही बघा, तो मोठ्या मेंदूच्या उलट बाजूशी जोडलेला असतो. त्याची उजवी बाजू उजळली असेल तर भाषा डावीकडे असण्याचीच शक्यता जास्त. जुन्या शस्त्रक्रियेची क्लिप किंवा रक्तस्रावाचा डाग असेल तर कच्च्या ईपीआय प्रतिमेत (एफएमआरआयची मूळ, प्रक्रिया न केलेली प्रतिमा) काळं भोक दिसतं. तो भाग आणि समोरच्या बाजूचा तेवढाच भाग, दोन्ही मोजणीतून वगळा.

एवढं करूनही आकडे जुळत नसतील तर रिपोर्टात ‘अनिर्णित’ लिहा आणि वाडा चाचणी (औषधाने मेंदूची एक बाजू थोडा वेळ निजवून भाषा तपासणे) सुचवा. गाठ कुठपर्यंत कापायची, हे मात्र या निर्देशांकावरून ठरवू नये. त्यासाठी जागेपणी शस्त्रक्रिया करून मेंदूला थेट विद्युत उत्तेजन द्यावं लागतं.